उभ्या गवताचे मोल

कापलेल्या गवताला बाजारात भाव मिळतो. उभ्या गवताला तो मिळत नाही. पेंढीचा दर सांगता येतो, गंजीची किंमत ठरवता येते, विणलेल्या चटईचे पैसे रोख हाती पडतात. परंतु जे गवत कापले न गेल्यामुळेच एखाद्या गावाच्या उपयोगी पडते, त्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा, हा प्रश्न अर्थशास्त्राला दीर्घकाळ अवघड गेलेला आहे. धरणे, जंगले, खारफुटी यांच्या संदर्भात हा प्रश्न आपल्याकडे आता वारंवार विचारला जातो. त्याचे एक फार जुने आणि म्हणूनच बोधप्रद उदाहरण युरोपच्या वायव्य किनाऱ्यावर आढळते. तेथे वाळूच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या ‘मॅरम’ नावाच्या एका साध्या गवतासाठी राजांनी फर्माने काढली, संसदांनी कायदे केले आणि ते कापणाऱ्यास गुन्हेगार ठरवले. गवताच्या काडीसाठी एवढा दंडविधान कशाला, असे आज वाटेल. पण त्या काडीच्या आधाराने शेते, घरे आणि देवळे उभी होती.

वाळूत गाडून घेणारी वनस्पती

मॅरम हे बहुवर्षायू गवत आहे. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘अ‍ॅमोफिला’ या ग्रीक शब्दाचा अर्थच वाळूवर प्रेम करणारी, असा होतो. हे गवत साधारणतः कंबरेइतके वाढते. त्याची पाने ताठ व टोकदार असतात, आणि हवा कोरडी झाली की ती आतल्या बाजूस गुंडाळून नळीसारखी होतात. पानांची श्वसनरंध्रे आतल्या, खोबणी असलेल्या बाजूस असल्यामुळे पान मिटले की पाण्याचे बाष्पीभवन कमी होते. खाऱ्या वाऱ्याचे तुषार ते सहन करते. मात्र मुळांशी समुद्राचे पाणी येऊन राहिले तर ते टिकत नाही. म्हणून भरतीच्या रेषेला अगदी लागून ते नसते, थोडे मागे, जेथे वाऱ्याने उडालेली कोरडी वाळू साचू लागते तेथे त्याचे राज्य सुरू होते.

इतर बहुतेक वनस्पती वाळूखाली गाडल्या गेल्या की मरतात. मॅरम गाडले गेले की जोमाने वाढते. वाऱ्याबरोबर आलेली वाळू त्याच्या झुबक्यापाशी अडते, साचते आणि झुबका बुडू लागतो. तेव्हा त्याची खोडे वाळूतून वर सरकतात, नवी मुळे फोडतात आणि पुन्हा वर पाने काढतात. वर्षाकाठी सुमारे एक मीटर वाळू अंगावर आली तरी हे गवत तिच्यातून वाट काढू शकते. जमिनीखाली आडवी आणि उभी पसरलेली खोडे व मुळे यांचे जाळे वाळूला धरून ठेवते. अशा रीतीने सुटी वाळू टेकडीचे रूप घेते, आणि ती टेकडी समुद्र व वस्ती यांच्यामधला बांध बनते.

उलट, वाळू येणे थांबले की हेच गवत खंगू लागते. याचे एक कारण डच संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून पुढे आले: जुन्या वाळूत या गवताच्या मुळांवर जगणाऱ्या बुरशी व सूत्रकृमी साठत जातात, आणि नव्या, स्वच्छ वाळूत मुळे पसरवूनच गवत त्यांच्यापासून सुटका करून घेते. म्हणजे ज्या संकटाला ते अडवते त्याच संकटावर ते जगते. या एका वैशिष्ट्यात त्याच्या उपयुक्ततेचे आणि पुढे निर्माण झालेल्या अडचणींचेही बीज आहे.

लागवडीचे गणित

मॅरमची लागवड बियांपेक्षा ठोंबांपासून करतात. जोमदार वाढीच्या जागेतून ठोंब उपटून त्यांच्या काड्या वेगळ्या करतात आणि थंडीच्या दिवसांत, वाळू ओली असताना, त्या लावतात. दोन-तीन काड्या एका खळग्यात, सुमारे २० सेंटिमीटर खोल, आणि दोन खळग्यांमध्ये साधारण ४५ सेंटिमीटर अंतर, अशी रूढ पद्धत आहे. अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, याच कुळातील दुसऱ्या जातीची लागवडही जवळजवळ याच मापाने होते. ओळी एकमेकींशी काटकोनात न ठेवता एका ओळीतील खळगा दुसरीतील मोकळ्या जागेसमोर येईल अशा बेताने काढतात, म्हणजे वाऱ्याला सरळ वाट मिळत नाही. वाळू फारच उडत असेल तेथे आधी काटक्याकुटक्यांचे कुंपण घालतात किंवा फांद्या अंथरतात. लागवड झाल्यावर माणसांची पायवाट आणि गुरांची चराई बंद ठेवणे हा शेवटचा, पण सर्वांत आवश्यक भाग.

या मापाने हिशेब केला तर एका हेक्टरला जवळजवळ ५० हजार खळगे लागतात, आणि काड्या एक लाखापासून दीड लाखापर्यंत. हे सारे काम हाताचे, ओणवे होऊन करावयाचे, आणि तेही समुद्रावरच्या बोचऱ्या वाऱ्यात. लाभ मात्र लावणाऱ्याच्या पदरात पडतोच असे नाही. टेकडी स्थिर झाली तर मागच्या सर्व शेतांचे रक्षण होते. ज्याने एकही काडी लावली नाही त्याचेही. आणि एकाने आपल्यापुरती टेकडी राखली पण शेजाऱ्याने आपल्या हद्दीत गवत उपटले, तर वारा त्या खिंडीतून आत शिरून दोघांचेही नुकसान करतो. अशा वस्तूंना अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू म्हणतात. त्या सर्वांना हव्या असतात, पण त्यांचा खर्च आपण होऊन करावयास सहसा कोणी तयार नसतो.

न्यूबरोची दुहेरी गरज

या गवताचा दुसरा उपयोग मात्र खासगी होता आणि तो रोजच्या जगण्याशी निगडित होता. किनाऱ्यावरच्या गरीब वस्त्यांत झाडे कमी आणि पैसा त्याहून कमी. मॅरमच्या लांब, चिवट पानांनी घरे शाकारता येत, दोर वळता येत, चटया व टोपल्या विणता येत, केरसुण्या बांधता येत. कोवळेपणी गुरे ते खात. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर घरांच्या शाकारणीसाठी ते विशेष वापरात होते.

वेल्समधील अँगलसी बेटावरचे न्यूबरो हे गाव या दुहेरी गरजेचे उत्तम उदाहरण आहे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने बोमॅरिसचा किल्ला बांधण्यासाठी जवळच्या लानव्हायस गावातील लोकांना उठवले आणि त्यांची वसाहत बेटाच्या नैर्ऋत्येस केली. १३०३ साली तिला सनद मिळाली. ‘न्यूबरो’ म्हणजे नवे नगर. आजच्या भाषेत हे विस्थापितांचे पुनर्वसन होते. या पुनर्वसित गावावर १३३१ सालच्या डिसेंबरमध्ये वादळ आले आणि १८६ एकर जमीन वाळूखाली गेली. एकदा उठवल्या गेलेल्या लोकांच्या नव्या शेतांवर निसर्गाने असा दुसरा घाला घातला. पुढे सोळाव्या शतकात, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, तेथील मॅरम उपटण्यास कायद्याने बंदी झाली.

तथापि न्यूबरोच्या लोकांनी गवताचा वापर सोडला नाही. वाढलेले मॅरम कापून, वाळवून त्याच्या चटया विणण्याचा धंदा तेथे अनेक पिढ्या चालला. या चटया गवताच्या गंज्या झाकण्यासाठी आणि कोठारांच्या छपराखाली घालण्यासाठी वापरीत; दोर आणि जाळीही त्यातूनच होत. विणकाम मुख्यतः बायकांच्या हातचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी या विणकरांची एक संघटनाही उभी राहिली. पुढे ताडपत्री आणि कारखान्यातला माल आला आणि दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात हा धंदा लयास गेला.

बंदीचा कायदा आणि गवताचा धंदा एकाच गावात कसे नांदले? याचे उत्तर कापणे आणि उपटणे यांतील फरकात आहे. योग्य हंगामात वरची पाने कापली आणि जमिनीखालचे जाळे शाबूत ठेवले तर गवत पुन्हा फुटते. मुळासकट ओढले तर टेकडीला भोक पडते. व्याजावर जगावे, मुद्दलाला हात लावू नये, हा घरगुती व्यवहारातला नियम येथे अक्षरशः लागू पडतो. अडचण एवढीच की, ज्याच्या घरात उद्याची चूल पेटण्याची शाश्वती नाही त्याला व्याज आणि मुद्दल यांतला भेद पाळणे परवडत नाही.

दंडाचा मार्ग

राज्यकर्त्यांनी मात्र या अडचणीकडे सहसा पाहिले नाही. स्कॉटलंडच्या मरे परगण्यात, समुद्रकाठी, कल्बिनची सुपीक जहागीर होती. १६९४ सालच्या वादळात ती वाळूखाली गेली. हा नाश एका रात्रीत झाला अशी आख्यायिका आहे; बरीच वर्षे चाललेल्या प्रक्रियेचा तो शेवट होता, असे नंतरचे अभ्यासक मानतात. काहीही असो, दुसऱ्याच वर्षी, १६९५ मध्ये, स्कॉटलंडच्या संसदेने कायदा करून वाळूच्या टेकड्यांवरील गवत व झुडुपे उपटण्यास मनाई केली. कल्बिनच्या नाशाचे कारण ही उपटणीच होय, असे त्या कायद्यातच नमूद आहे. १७४२ साली ब्रिटिश संसदेने इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यासाठी याहून कडक कायदा केला. त्यात उपटणेच नव्हे तर कापणेही गुन्हा ठरले. टेकड्यांच्या आसपासच्या टापूत असे गवत कोणाजवळ सापडले तर तेवढ्यानेही तो शिक्षेस पात्र होई.

डेन्मार्कमध्ये तिसऱ्या ख्रिश्चन राजाने १५३९ सालीच वाळूवरील वनस्पतींची नासधूस करण्यास बंदी घातली होती. ती पुरेशी ठरली नाही. देशाच्या उत्तर टोकाला स्कॅगेन येथील चर्चच्या दारात वाळू एवढी साचे की, उपासनेआधी भाविकांना ती उपसावी लागे. अखेर १७९५ साली ते चर्च बंद करण्यात आले. पुढे त्याचा मुख्य भाग पाडला गेला; पांढरा मनोरा तेवढा वाळूत आजही उभा आहे. त्याआधी तीन वर्षे, १७९२ मध्ये, डॅनिश सरकारने वाळू रोखण्याचे काम सरकारी देखरेखीखाली आणले होते. देवळासाठी त्याला उशीर झाला होता. पुढच्या काळात मात्र तेथील किनाऱ्यावर गवताची आणि नंतर झाडांची पद्धतशीर लागवड झाली.

या कायद्यांमागील हेतू खोटा नव्हता. वाळू खरोखरच शेते गिळत होती. परंतु त्यांची रचना पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. टेकडी राखल्याचा मोठा लाभ मागच्या शेतजमिनीच्या मालकाला होता. गवत न कापण्याचा तोटा मात्र ज्याला जमीनच नव्हती त्याला सोसावा लागे. त्याचे छप्पर, त्याचे सरपण, त्याच्या एखाद्या गाईचा चारा यांची पर्यायी सोय करावी, असे कायद्याला वाटले नाही. बंदी घालणे स्वस्त होते. ती पाळणाऱ्याची भरपाई करणे महाग होते. यामुळेच असे कायदे पुन:पुन्हा करावे लागले. जो कायदा दर पिढीला नव्याने आणि अधिक कडक करावा लागतो, तो लोकांनी मनापासून पाळलेला नसतो, हे उघड आहे.

वाटून घेतलेले ओझे

याहून वेगळा मार्गही त्याच काळात काही ठिकाणी चोखाळला गेला. इंग्लंडच्या लँकेशायर किनाऱ्यावर फॉर्मबी येथे जमिनीच्या भाडेपट्ट्यातच टेकडीवर गवत लावण्याची अट घातलेली असे, आणि लागवडीवर नजर ठेवण्यासाठी गावच्या जमीनदारी न्यायसभेतर्फे माणसे नेमलेली असत. अमेरिकेत केप कॉडच्या निमुळत्या भूभागावर ट्रूरो नावाचे गाव आहे. तेथील रहिवाशांना पूर्वी दर एप्रिलमध्ये गवत लावण्यासाठी बोलावणे येई, जसे इतर गावांत रस्ते दुरुस्तीसाठी येते, अशी नोंद हेन्री डेव्हिड थोरो यांच्या १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘केप कॉड’ या पुस्तकात आहे. रस्त्याशी केलेली ही तुलना मार्मिक आहे. रस्ता कोणा एकाचा नसतो, म्हणून त्याची डागडुजी सर्वांची असते. ट्रूरोच्या लोकांनी टेकडीला रस्त्याच्या पंक्तीत बसवले, आणि तिचा खर्च श्रमाच्या रूपाने घरोघर वाटून टाकला.

सामाईक मालमत्तेचा नाश अटळ आहे काय, या प्रश्नावर विसाव्या शतकात बरीच चर्चा झाली. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी असे मांडले की, सर्वांना मोकळ्या असलेल्या कुरणावर प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवत जातो आणि अखेर कुरणच उरत नाही; यावर एक तर सरकारी सक्ती हवी किंवा खासगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात निरनिराळ्या देशांतील प्रत्यक्ष उदाहरणे तपासून दाखवले की, तिसरा मार्गही आहे. वापरणारे लोक स्वतः नियम करतात, एकमेकांवर देखरेख ठेवतात, चुकणाऱ्याला आधी सौम्य आणि मग कठोर शिक्षा करतात, आणि अशा व्यवस्था शतकानुशतके टिकतात. या कार्यासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १७४२ चा कायदा हा पहिल्या विचाराचा नमुना म्हणता येईल आणि ट्रूरोचे एप्रिलमधील बोलावणे दुसऱ्याचा. अर्थात फॉर्मबीचे भाडेपट्टे जमीनदाराच्या सत्तेवर आधारलेले होते, तेव्हा त्यांना ग्रामस्वराज्य समजण्याचे कारण नाही. परंतु तेथेही गवत राखण्याचा बोजा जमिनीचा लाभ घेणाऱ्यावरच ठेवला होता, एवढे न्याय्य तत्त्व त्यांत निश्चित होते.

परमुलखातील पाहुणा

एकोणिसाव्या शतकात युरोपीय लोक जगभर पसरले आणि आपल्याबरोबर आपले उपायही घेऊन गेले. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पश्चिमेस वाळूचे विस्तीर्ण माळ होते. तेथे गोल्डन गेट पार्क उभारताना १८६९ साली मॅरम लावण्यात आले. पुढे ऑरेगन राज्याच्या किनाऱ्यावर, १९३० च्या दशकातील मंदीच्या काळात, बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून हजारो एकरांवर त्याची लागवड झाली. वाळू थांबली, रस्ते आणि बंदरे वाचली. हे यश एवढे डोळ्यांत भरणारे होते की, फ्रँक हर्बर्ट हा पत्रकार १९५७ साली त्यावर लेख लिहिण्यासाठी तेथे गेला. तो लेख राहिला, पण त्यातून सुचलेली ‘ड्यून’ ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध होऊन जगभर वाचली गेली.

यशाचा दुसरा अंक मात्र निराळा निघाला. मॅरम आपल्या मूळ भूमीत अनेक स्पर्धकांमध्ये आणि रोगजंतूंमध्ये वाढते. पॅसिफिक किनाऱ्यावर त्याने स्थानिक वनस्पतींना हुसकावून लावले. तेथील मूळच्या बसक्या, विरळ टेकड्यांच्या जागी समुद्राला समांतर अशी उंच, दाट भिंत तयार झाली. मागच्या भागाला वाळूचा पुरवठा थांबला आणि तेथे झुडुपे माजली. उघड्या वाळूवर अंडी घालणाऱ्या ‘स्नोई प्लोव्हर’ या चिमुकल्या पक्ष्याला जागा उरली नाही. त्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील वंशाची १९९३ साली धोक्यात आलेल्या प्राण्यांत गणना करावी लागली. आता कॅलिफोर्निया आणि ऑरेगनमध्ये तेच गवत उपटण्यावर सार्वजनिक पैसा खर्च होतो. कोठे यंत्राने, कोठे औषध फवारून, तर कोठे स्वयंसेवकांच्या हातांनी ते काढले जाते. खोलवरचे मूळ राहिले तर ते पुन्हा फुटते, म्हणून एकाच जागी वर्षानुवर्षे जावे लागते.

न्यूझीलंडमध्येही मॅरम एकोणिसाव्या शतकात आणले गेले. तेथील वाळूवर ‘पिंगाओ’ नावाची सोनेरी पानांची वनस्पती मूळची होती, आणि माओरी लोक तिच्या पानांपासून चटया, पिशव्या व भिंतींवरील नक्षीदार फलक विणत. चराई, आगी आणि मॅरमचे आक्रमण यांनी पिंगाओची बने आटत गेली. एका किनाऱ्यावर ज्या गवताने विणकरांना पोसले, त्याने दुसऱ्या किनाऱ्यावर विणकरांचा कच्चा माल हिरावून घेतला. हे गवताच्या दुष्टपणाने घडलेले नाही. आयात केलेल्या उपायाचा खर्च ज्या पिढीने मोजावयाचा होता, ती अजून जन्मली नव्हती, आणि जे स्थानिक लोक त्याबद्दल बोलू शकले असते त्यांना कोणी विचारले नाही.

सोडलेली वाळू

खुद्द युरोपातही विचारांचे चक्र फिरले आहे. न्यूबरोच्या टेकड्यांवर दुसऱ्या महायुद्धानंतर पाइन वृक्षांचे मोठे वन लावण्यात आले. १९५३ साली ब्रिटनमध्ये शिरलेल्या साथीच्या रोगाने ससे मोठ्या संख्येने मेले आणि गवत खुरटून ठेवणारे तोंड नाहीसे झाले. परिणामी जेथे एके काळी उडती वाळू हे संकट होते, तेथे उघडी वाळूच जवळजवळ दिसेनाशी झाली, आणि तिच्यावर अवलंबून असलेले ऑर्किड, कीटक व सरडे दुर्मिळ होऊ लागले. म्हणून गेल्या काही वर्षांत तेथे यंत्राने टेकड्यांमध्ये खाचा पाडून वाऱ्याला मुद्दाम वाट करून देण्यात आली. नेदरलँड्सने १९९० मध्ये किनारा आहे तेथे राखण्याचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले. समुद्रातून वाळू आणून किनाऱ्यावर टाकावयाची आणि शक्य तेथे टेकड्यांना हलू द्यावयाचे, हा त्याचा गाभा आहे. डेन्मार्कने तर हे शहाणपण आधीच दाखवले होते. रॉबियर्ग येथील वाळूची प्रचंड टेकडी सरकारने १९०० च्या सुमारास विकत घेतली, ती मुद्दाम न रोखता तशीच ठेवण्यासाठी. पुढच्या पिढ्यांना वाळूचे संकट काय असते हे कळावे, हा त्यामागील उद्देश. ती टेकडी आजही दरवर्षी १५ मीटरांहून अधिक ईशान्येकडे सरकते.

या सर्व उदाहरणांत एक धागा समान आहे. वाळू धरणे हे चांगले आणि सोडणे वाईट, किंवा त्याच्या उलट, असा निर्णय एकदाच करून मोकळे होता येत नाही. जागा, काळ आणि लोक पाहून तो करावा लागतो, आणि त्याचा खर्च वेळोवेळी द्यावा लागतो.

आपला किनारा

मॅरम हे समशीतोष्ण हवामानातले गवत. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ते नाही, आणि आणू नये हे वरील हकिकतीवरून स्पष्टच आहे. त्याचे काम आपल्याकडे दुसऱ्या वनस्पती करतात. भरतीच्या रेषेमागे जांभळ्या फुलांची मर्यादावेल पसरते. तिच्याबरोबर ‘स्पिनिफेक्स’ कुळातील टोचऱ्या पानांचे गवत असते. त्याचे काटेरी, गोल तुरे सुटून वाऱ्याने वाळूवरून गडगडत जातात, हे किनाऱ्यावर फिरणाऱ्या कोणीही पाहिले असेल. न्यूझीलंडमध्ये पिंगाओच्या शेजारी वाढणारे गवत याच कुळातले आहे. मर्यादावेल हे नावच अर्थपूर्ण आहे. समुद्राची मर्यादा कोठपर्यंत आणि माणसाची कोठून, याची खूण ती वेल दाखवते.

कागदोपत्री ही मर्यादा मान्य झालेली आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांची मोडतोड निषिद्ध ठरवली. २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी त्यांचा समावेश सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात केला. परंतु किनाऱ्यावर वाहने नेणारा पर्यटक, टेकडी सपाट करून खोल्या बांधणारा व्यावसायिक, बांधकामासाठी वाळू नेणारा कंत्राटदार आणि दगडी बंधाऱ्याची मागणी करणारा ग्रामस्थ या साऱ्यांच्या दृष्टीने ती टेकडी म्हणजे रिकामी जागा असते. अनेक ठिकाणी सुरूची बने लावून किनारा राखण्याचा प्रयत्न झाला. सुरू हेही या किनाऱ्याचे मूळचे झाड नव्हे. त्याच्या दाट पाचोळ्याखाली स्थानिक वेली-गवतांना वाव राहत नाही. दगडी बंधाऱ्याला अंदाजपत्रक असते, निविदा असते आणि उद्घाटनही असते. टोचऱ्या गवताला यांपैकी काहीच नसते, म्हणून ते हिशेबात येत नाही.

ते हिशेबात आणावयाचे तर जुन्या कायद्यांचा अर्धाच धडा घेऊन चालणार नाही. बंदी आवश्यक आहे, परंतु ती पाळण्याचा भार मासे वाळत घालणाऱ्या कोळणीवर आणि होडी ओढून ठेवणाऱ्या रापणकरावर पडला आणि लाभ मागच्या विश्रामगृहाला झाला, तर सतराव्या शतकातील अन्यायच आपण नव्या शिक्क्याने चालू ठेवू. टेकडी टिकल्याने ज्यांच्या मालमत्तेचे रक्षण होते, त्यांच्याकडून कर किंवा शुल्क घेणे. त्या पैशातून कुंपण, पायवाटेसाठी लाकडी साकव आणि स्थानिक गवत-वेलींच्या रोपवाटिका चालवणे. आणि ही कामे किनाऱ्यावरच्याच लोकांना रोजगार म्हणून देणे, हे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे नाही. समुद्राची पातळी वाढत असताना हा खर्च टाळला तर तो वाचणार नाही. बंधाऱ्याच्या, वाहून गेलेल्या रस्त्याच्या आणि उठवलेल्या घरांच्या खात्यावर तो कितीतरी पटींनी पुन्हा नावे पडेल. न्यूबरोच्या गरिबाला गवत न कापण्याचे मोल कोणी दिले नाही, म्हणून त्याने ते चोरून कापले. कोकणात निदान ते मोल देण्याची तरतूद आधी व्हावी, आणि दंडाचे कलम त्यानंतर लिहिले जावे.